एकविसाव्या दिवसाचं पिल्लू

"ताई, चौथ्या पिंजऱ्यातलं एक पिल्लू केस पिंजारून कोपऱ्यात बसलंय." अ‍ॅनिमल हाऊसमधल्या काकांचा फोन सकाळी साडेसातला आला. आदल्या संध्याकाळी उंदराचं तेच पिल्लू आईच्या अंगावरून उड्या मारत होतं.

आठ भावंडांतल्या दोघांत सीटीएलए-४ या प्रथिनाचं जनुक दोन्ही प्रतींत बंद होतं, हे पीसीआर या डीएनए तपासणीमुळे पहिल्याच आठवड्यात कळलेलं. १९९५ साली असे उंदीर पहिल्यांदा तयार झाले, तेव्हा तेही तीन-चार आठवड्यांतच दगावले होते. त्रासाची लक्षणं दिसली की प्रयोग तिथेच संपवायचा, हा आमचा नियम. तो पाळला आणि डिसेक्शनला बसले.

या वयात काखेतली लिम्फ नोड, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींची गाठ, चरबीत शोधावी लागते, जेमतेम मोहरीएवढी असते. इथे कातडी बाजूला केली आणि मानेखाली, काखेत, जांघेत हरभऱ्याच्या डाळीएवढ्या गाठी समोरच. स्प्लीन (प्लीहा) फुगलेली. हृदयावर फिकट पांढरे पट्टे. एवढंसं हृदय, आणि त्यात स्वतःच्याच टी पेशी, शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, घुसलेल्या! आधी जंतुसंसर्गाची शंका आली. पण त्याच पिंजऱ्यातल्या, त्याच आईचं दूध प्यायलेल्या निरोगी भावंडाच्या गाठी अगदी नेहमीसारख्या निघाल्या.

दुपारी एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीवर नमुने लावले. भावंडाच्या बहुतेक टी पेशी निवांत होत्या. या पिल्लाच्या जवळपास सगळ्या चेतवलेल्या, आणि कितीतरी पेशी विभाजनाच्या मध्यावर.

टी पेशीला नुसतं प्रतिजन, म्हणजे तिचं लक्ष्य असलेला रेणू, ओळखून वाढता येत नाही. तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी२८ या प्रथिनाला शेजारच्या पेशीवरचं सीडी८० किंवा सीडी८६ हे प्रथिन सापडावं लागतं. सीटीएलए-४ त्याच दोघांना सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्ट धरतं. एरवी ते बहुतांशी पेशीच्या आत असतं. पेशी चेतली की पृष्ठभागावर येतं आणि शेजारणीच्या अंगावरचं सीडी८० ओढून चक्क गिळतं. इतर टी पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशी तर हे काम सतत करत असतात. माझ्या पिल्लात ओढून घेणारं कुणी नव्हतं, म्हणून शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवरही पेशी वाढतच राहिल्या. वाढ थांबवण्यासाठी शरीर दर घटकेला किती राबतं, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं.

संध्याकाळी मी पुन्हा अ‍ॅनिमल हाऊसला गेले, दुसऱ्या पिल्लासाठी. त्याचंही जनुक तसंच बंद, पण त्याला आम्ही पहिल्या आठवड्यापासून सीटीएलए-४-आयजी टोचत होतो. सीटीएलए-४ चा बाहेरचा भाग अँटिबॉडीच्या शेपटीला जोडून हा रेणू बनतो आणि सीडी८०, सीडी८६ झाकून टाकतो. अशाच घडणीचं अबॅटासेप्ट आज संधिवाताच्या रुग्णांना देतात.

पिल्लू पुढचे पाय जाळीला लावून दाणे कुरतडत होतं. काखेत बोट फिरवून पाहिलं, गाठ लागली नाही. काकांनी पिंजऱ्याच्या कार्डावर पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहिली आणि पाण्याची बाटली बदलली.