चपलांच्या खोक्यातले दीडफुटी शब्द

मागची नोंद लिहिली तेव्हा भारी इंग्रजी शब्दांच्या माझ्या खोक्यात ६४ कार्डं होती. आज मोजली, ७१ भरली. चार महिन्यांत फक्त सातांची भर म्हणजे हिची गाडी रुतली, असं वाटेल. पण नवी १४ लिहिली आणि जुनी ७ फाडली, असा तो हिशेब आहे. यंदा लिहिण्यापेक्षा फाडण्यातच जास्त वेळ गेला.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी थोडक्यात: कार्डं म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, कात्रीने कापलेल्या. खोका चपलांचा. पहिल्या ओळीत शब्द आणि त्याचा उच्चार, दुसरीत अर्थ, तिसरीत तो कुठून आला आणि त्याचा सर्वांत जुना लेखी दाखला कधीचा. या वर्षी चौथी ओळ वाढवली, ती अशी: मराठीत याच्या शेजारी कोण बसेल? भाषांतर नको, शेजारी हवा.

सुरुवातीला मी शब्द जमवायचे ते चारचौघांत फेकायला. 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' एका दमात म्हणून दाखवणं हा माझा पार्टीतला खेळ होता. इंग्रजीत लिहिला तर २९ अक्षरं भरतात आणि १७४१ च्या एका पत्रात तो सापडतो, एवढं मला पाठ होतं. चौथी ओळ लिहायला बसले तेव्हा कुठे त्याची फोड नीट पाहिली. लोकरीचा पुंजका, फुटकळ वस्तू, शून्य आणि केस असे काडीची किंमत नसलेले चार लॅटिन शब्द एकापुढे एक बांधलेत, आणि सगळ्यांचा मिळून अर्थ एखादी गोष्ट क्षुल्लक लेखणे. आमच्याकडे तेच काम 'कस्पटासमान' एकट्याने करतो. पार्टीतला खेळ त्या दिवशी बंद झाला.

मार्च: 'पॉश' फाडलं

सर्वांत जास्त जीवावर आलं ते हे कार्ड. गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बोटींवर श्रीमंत प्रवासी येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घ्यायचे, कारण त्या बाजूला ऊन कमी. त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची चार आद्याक्षरं उमटवलेली असायची, आणि त्यातून 'पॉश' झाला. मुंबईच्या बंदरातल्या बॅलार्ड पिअरवरून जाताना मी ही गोष्ट किमान दहा जणांना ऐकवली आहे, हातवारे करून.

असं शिक्क्याचं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. मोठे कोश या गोष्टीला थारा देत नाहीत. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली की आधी खिसा सांभाळायचा. 'पॉश'चे जुने दाखले भलतीकडेच नेतात. इंग्लंडमधल्या चोरांच्या बोलीत पॉश म्हणजे पैसा, चिल्लर नाणं. रोमानी, म्हणजे जिप्सींच्या भाषेत त्याचा अर्थ 'अर्धा'. पुढे नटव्या, छानछोकी माणसालाही पॉश म्हणू लागले. आजचा अर्थ नेमका यातल्या कशातून निघाला यावर कोशकारांचं एकमत नाही.

मी इतकी वर्षं कशी फसले? गोष्टीत मुंबई होती म्हणून. आपल्या गावाचं नाव आलं की आपण पुरावा मागत नाही.

त्याच आठवड्यात 'सिन्सिअर'ही गेला. मूर्तीतल्या भेगा मेणाने न बुजवणारा तो प्रामाणिक शिल्पकार, म्हणून लॅटिन 'सिने सेरा', 'मेणाविना', ही गोष्टही रचलेलीच. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ सरळ 'शुद्ध, निर्भेळ' असा होता. मेणाची फोड मागाहून चिकटवलेली.

मार्चअखेर: देवळालीचा ताप

मुंबईची रिकामी झालेली जागा नाशिकने भरली, आणि ही खरी आहे. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. मुळात तो शब्दप्रयोग 'डुलाली टॅप' असा होता. गोऱ्या शिपायांची नोकरीची मुदत संपली की त्यांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवत आणि मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहायला लावत. सैन्याच्या बोटी सुटायच्या त्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्याच्या वाट्याला पुढचे सहासात महिने नुसतं बसणं. काम नाही, ऊन आहे, हिवताप आहे, दारू आहे. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. 'टॅप' म्हणजे फारसी-हिंदुस्थानी तप, ताप. आपल्या तापाचाच सख्खा भाऊ.

चौथी ओळ लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला भरती करा' हे आपण म्हणतोच. गावाच्या नावाने वेड ओळखायची खोड दोन्ही भाषांना आहे. फरक इतकाच की आपल्या दोन गावांत खरोखर मनोरुग्णालयं आहेत, देवळालीत मात्र बोटीची वाट पाहणं एवढाच रोग होता.

आणि त्या कार्डाकडे बघता बघता दिसलं की इंग्रजीत जाताना देवळालीचा ळ गळून पडलाय. मग सरळ 'शिबोलेथ'चं जुनं कार्ड बाहेर काढलं. त्याची चौथी ओळ जानेवारीपासून कोरी होती. बायबलच्या शास्ते या पुस्तकात, बाराव्या अध्यायात प्रसंग आहे: लढाई हरलेले एफ्राइमी लोक यार्देन नदीच्या उताराशी येतात, आणि गिलादी पहारेकरी प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावतात. एफ्राइमींना श येत नाही, 'सिब्बोलेथ' निघतं, आणि माणूस तिथेच कापला जातो. आकडा दिलाय ४२,०००. शब्दाचा अर्थ निरुपद्रवी, धान्याचं कणीस किंवा पाण्याचा ओघ. पण इंग्रजीत त्याचा उरला तो 'आपला की परका हे ओळखायची खूण' एवढाच अर्थ.

आता कोऱ्या ओळीत एकच अक्षर आहे: ळ. परप्रांतात वाढलेल्या भाच्याला आजीने 'कमळ बघ' म्हणायला लावलं होतं, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. कुणाचा जीव गेला नाही, पण उतारावरचा पहारा तोच.

एप्रिल: दोन शहाणे

सेस्क्विपिडेलियन. लांबलचक शब्द, किंवा असे शब्द वापरणारा माणूस. रोमन कवी होरेस याने काव्यकलेवरच्या आपल्या पत्रकाव्यात 'सेस्क्विपिडालिया वर्बा' टाकून द्या असं सुचवलंय, म्हणजे दीड दीड फुटाचे शब्द. पिडालिया हे 'पाऊल', आणि सेस्क्वी हे 'आणि अर्धा'. एक हा आकडा उच्चारलेलाच नाही, तो समजून घ्यायचा.

इथे मी दीडवर अडकले आणि आठवडाभर तिथेच राहिले. इंग्रजीला दीडसाठी स्वतःचा सुटसुटीत शब्द नाही, 'वन अँड अ हाफ' असा संसार मांडावा लागतो. आपला दीड संस्कृतातल्या 'द्व्यर्ध'वरून झिजत आलाय: दुसरा अर्धा, म्हणजे पहिला पूर्ण आणि दुसऱ्यातला अर्धाच. अडीचही तसाच, 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. जर्मनमधला 'आंडरथाल्ब' उलगडला तर तोही 'दुसरा अर्धा'च निघतो! लॅटिन अर्धा वर ठेवतं, आपण आणि जर्मन पुढच्या आकड्यातला अर्धा मोजतो. हे समजल्याच्या रात्री मी घरात ज्याला त्याला पकडून सांगत होते. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, दीडशहाणी."

तीच चौथी ओळ! सेस्क्विपिडेलियनमधला दीड हा मोजमापाचा कमी आणि टोमण्याचा जास्त आहे, आणि मराठीतला दीडही टोमण्यातच कामाला येतो. दीडशहाणा, दीडदमडीचा. पूर्ण शहाणा असता तर कौतुक झालं असतं. वरचा अर्धा नडला.

दुसरा शहाणा जास्त अवघड निघाला. अल्ट्राक्रेपिडेरियन: ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात मत ठोकणारा. मूळ गोष्ट प्लिनी या रोमन लेखकाने सांगितली आहे. अपेलीस नावाचा ग्रीक चित्रकार आपली चित्रं रस्त्यावर मांडून मागे लपून लोकांची बोलणी ऐकायचा. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेचा एक बंद कमी असल्याचं दाखवलं, अपेलीसने तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी फुशारलेला चांभार पायाच्या पोटरीबद्दल बोलू लागला, तेव्हा अपेलीस बाहेर येऊन म्हणाला, वहाणेच्या वर जाऊ नकोस. 'क्रेपिडा' म्हणजे वहाण, 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे.

मी लगेच 'पायातली वहाण पायातच बरी' लिहून टाकलं. वहाणेला वहाण, किती छान. मग तिसरी ओळ पूर्ण करायला जुना दाखला शोधला. १८१९ साली विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने विल्यम गिफर्ड या संपादक-समीक्षकाला जे जाहीर पत्र लिहिलं, त्यात हा शब्द येतो. आणि गिफर्ड लहानपणी अनाथ झाल्यावर जोडे शिवायच्या कामाला लावला गेला होता. म्हणजे शब्द नुसता विद्वत्तेचा नव्हता, माणसाला त्याची जुनी पायरी दाखवणारा होता. आपली म्हणही तेच करते, आणि ती घरात सुनांना ऐकवलेली मी लहानपणी पाहिली आहे. दोन दिवस ते कार्ड खोक्यात परत ठेवावंसं वाटेना, आणि खोका तर चपलांचाच.

शेवटी ओळ खोडून 'उंटावरचा शहाणा' लिहिलं. रांजणात तोंड अडकलेलं वासरू, उंटावरून न उतरता आत येता यावं म्हणून पाडलेली भिंत, आणि शेवटी वासराची मान कापून वर रांजणही फोडणारा तो सल्लागार. इथे हसू येतं ते वरून बोलणाऱ्याचं. तिकडे शिक्षा होते खालून बोलणाऱ्याला. अर्थ तोच, नजर उलटी.

मे: किरकोळ, पण आवडलेली

डिफेनेस्ट्रेशन, खिडकीतून फेकून देणे. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीबाहेर भिरकावलं. उंची सुमारे २१ मीटर, आणि तिघेही वाचले! कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. चिटणीस फाब्रिसियस याला नंतर सरदारकी मिळाली, पदवी 'होहेनफाल', म्हणजे उंच पतनवाला. पदव्या देणाऱ्या खात्यात विनोदी माणसं असतात हे सिद्ध. शेजारी: कडेलोट. खिडकीऐवजी टकमक टोक, आणि खाली उकिरडा नाही.

अँटिमकॅसर. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पुरुष केसांना मकॅसर तेल चोपडत, नाव सुलावेसी बेटावरच्या मकॅसर बंदरावरून. ते डाग खुर्च्यांना लागू नयेत म्हणून बायकांनी पाठीवर कापडं घातली, ती मकॅसरविरोधी. शेजारी: आजीचे क्रोशाचे रुमाल, आणि सरकारी कचेरीत साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल. तेल सुटलं, टॉवेल हुद्द्याला चिकटून राहिला.

एक सापडला तो मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात दुसरंच काही शोधताना. 'मसल' हा काही भारी शब्द नाही, पण लॅटिनमध्ये तो 'छोटा उंदीर' आहे; दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळतो म्हणून. आणि आपण दंडात काढतो ती बेटकुळी, छोटी बेडकी. रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. या कार्डावर मी तिसरी आणि चौथी ओळ बाणाने जोडली आहे.

'पेट्रिकोर', पावसाने भिजलेल्या मातीचा वास, सगळ्यांकडे असतोच, म्हणून लांबण लावत नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये तो घडवला, आणि त्याच शोधनिबंधात उत्तर प्रदेशातल्या मातीच्या अत्तराचा उल्लेख आहे. विंदा करंदीकरांचा 'मृद्गंध' १९५४ चा. दहा वर्षं आधी.

जून: भूत

फाडलेल्या सातांसाठी आता वेगळं पाकीट आहे, वर 'डॉर्ड' लिहिलंय. १९३४ च्या वेबस्टर या मोठ्या अमेरिकी इंग्रजी कोशात हा शब्द छापला गेला, अर्थ 'घनता'. असा शब्दच नव्हता. १९३१ च्या एका चिठ्ठीवर 'डी ऑर डी', म्हणजे मोठा किंवा छोटा डी हे घनतेचं लघुरूप, असं टिपलेलं होतं. कुणीतरी ते सलग वाचलं. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही, आणि भूत पकडलं गेलं. माझ्याकडे ज्या कार्डाची तिसरी ओळ कोरी ते सहा महिन्यांनी या पाकिटात जाते. सध्या दोन रांगेत आहेत.

चौथी ओळ अडलेलं मात्र एकच: 'बोर्बोरिग्मस', पोटातला आवाज, ग्रीकांनी कानाला जसा ऐकू आला तसाच उचललेला. मी 'गुडगुड' लिहून मोकळी झाले होते. आईने चष्मा लावून कार्ड वाचलं आणि विचारलं, "गुडगुड की गुरगुर? गुडगुड वायूची, गुरगुर जुलाबाआधीची. त्या ग्रीकाला नेमकं काय झालं होतं?"

कार्ड अजून टेबलावरच आहे.