तुम्ही विचारलंत म्हणून: अलिबागच्या किल्ल्यात चालत कधी जायचं?

"तू अलिबागची ना, मग किल्ल्यात चालत कधी जाता येतं?" हे मला ऑफिसात कायम विचारतात (त्याआधी "अलिबागसे आया है क्या" होतंच, त्याचं आता काही वाटत नाही). म्हणून एकदाच लिहून टाकते. किल्ला समुद्रात आहे, चालत जायचं तर ओहोटीलाच.

शनिवार-रविवार बघू नका, कालनिर्णय बघा. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे 3 वाजता पूर्ण भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, 9-सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला ओहोटी दुपारी 12 ला येते, वेळ सोयीची वाटते पण तेव्हा भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, धड ओसरतच नाही. त्यामुळे पुनव-अवसेनंतरची तृतीया ते पंचमी, सकाळची वेळ, बेस्ट. संकष्टीला गेलात तर आतल्या गणपतीचं दर्शनपण होतं. पावसाळ्यात मात्र नावच काढू नका.

आणि आत रमू नका. कॉलेजात असताना मैत्रिणींना घेऊन गेले, गोड्या पाण्याची विहीर बघितली, मग त्या दोन तोफांपाशी फोटो काढत बसलो आणि बाहेर येऊन बघतो तर पाणी मांडीपर्यंत, शेवटच्या घोडागाडीवाल्या काकांनी शिव्या घालत आणलं म्हणून आलो. बरं त्या तोफा आंग्र्यांच्या नाहीतच, यॉर्कशायरला ओतलेल्या 1849 च्या आहेत, तोवर इंग्रजांनी आंग्र्यांचं संस्थान कधीच गिळलं होतं. पण फोटो सगळे तिथेच काढतात!

खरं तर याच पाण्याने किल्ला राखला. दिवसातून दोनदा वाट उघडते नि दोनदा बुजते, वेढा घालणाऱ्याने करायचं काय? 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून आले होते, हात हलवत गेले. तेव्हा कान्होजी आंग्रे सरखेल (मराठा आरमाराचे प्रमुख) होते. 1729 ला गेले, समाधी गावातच आहे, बीचपासून लांब नाही, तरी तिथे चिटपाखरू नसतं. पाणी चढलेलं असेल तर तिकडे जा, हिराकोट बाहेरून बघा (आत जेल आहे, हौसेने जाऊ नये).

परवा एकाचा मेसेज, रविवारी दहाच्या बोटीने मांडव्याला उतरतो, तीनपर्यंत किल्ल्यात, चालेल ना? बघितलं तर चतुर्थी. म्हटलं, समाधी बघून ये.