तिसरा हायड्रोजन

फळ्यावर क्लोरीनची आम्लं होती. हायपोक्लोरसपासून परक्लोरिकपर्यंत मोकळे, म्हणजे हायड्रोजन न जोडलेले, ऑक्सिजन वाढतात तशी आम्लं तीव्र होत जातात. पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, जितका लहान तितकं आम्ल तीव्र) साडेसातावरून शून्याच्या खूप खाली उतरतो. एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, मग फॉस्फरसमध्ये फॉस्फोरिक सगळ्यांत तीव्र ना?"

तोंडी उत्तर न देता वर्ग प्रयोगशाळेत नेला. फॉस्फरसच्या तीन आम्लांची, फॉस्फोरिक, फॉस्फरस आम्ल आणि हायपोफॉस्फरस यांची, 0.1 मोलर द्रावणं घेतली. पीएच मीटरवर फॉस्फोरिक 1.6 च्या आसपास आलं. फॉस्फरस आम्ल आणि हायपोफॉस्फरस, दोन्ही 1.3 च्या जवळ. ऑक्सिजन सगळ्यांत जास्त, तेच सगळ्यांत सौम्य! तिने इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा मोजलं. फरक तसाच.

मी रचना काढून दाखवली. फॉस्फरस आम्लात हायड्रोजन तीन, पण एक थेट फॉस्फरसला जोडलेला. तो आम्लधर्मी नाही. "नाही कशावरून?" तिचा पुढचा प्रश्न. असा प्रश्न आला की मला तास संपू नये असं वाटतं.

20 मिली फॉस्फरस आम्ल, अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक फिनॉल्फथेलिन, ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. 40 मिलीला गुलाबी: दुप्पट अल्कली, म्हणजे आम्लधर्मी हायड्रोजन दोनच. पण फॉस्फोरिकही 40 लाच गुलाबी झालं आणि मुलांचे चेहरे पडले. त्याचा तिसरा हायड्रोजन पीकेए 12 च्या पुढचा, पाण्यातल्या टायट्रेशनमध्ये तो दिसतच नाही. म्हणून दोन्ही फ्लास्कमध्ये कॅल्शियम क्लोराइड घातलं. फॉस्फोरिकच्या फ्लास्कमध्ये पांढरा साका धरला आणि गुलाबी रंग बघता बघता उडाला: कॅल्शियमने फॉस्फेट ओढून घेतलं, तिसरा हायड्रोजन बाहेर पडला. दुसऱ्या फ्लास्कमधला रंग जरा फिकटला, पण अल्कलीच्या एका थेंबात परत आला. सोडायला तिथे काही उरलंच नव्हतं.

मग ताकदीचं कोडं सुटलं. तिन्ही आम्लांत दुहेरी बंधाचा ऑक्सिजन एकच, म्हणून तिघं इतकी जवळजवळ. कमी होतो तो हायड्रॉक्सिल गट (OH): फॉस्फोरिकमध्ये तीन, फॉस्फरस आम्लात दोन, हायपोफॉस्फरसमध्ये एक; त्याच्या जागी हायड्रोजन येतो. हायड्रॉक्सिल आपल्या इलेक्ट्रॉन जोडीतून फॉस्फरसला थोडं परत देतो, हायड्रोजनकडे द्यायला तशी जोडी नाही. म्हणून फॉस्फरसची ओढ किंचित वाढते. आर्सेनिकच्या आर्सेनियस आम्लात मात्र तिन्ही हायड्रॉक्सिल आहेत, मोकळा ऑक्सिजन एकही नाही, आणि त्याचा पीकेए 9 च्या वर आहे.

हायपोफॉस्फरसचं टायट्रेशन राहिलं होतं. ब्युरेट उघडण्याआधीच ती म्हणाली, "वीस."

20.1 ला गुलाबी झालं.