खुंटी

आज १४ मे. १९६० साली याच तारखेला अंकलेश्वरला तेल लागलं, नेहरूंनी त्या विहिरीला ‘वसुधारा’ म्हटलं. मी तिकडे सर्व्हेअर म्हणून गेलो त्यानंतर दीड वर्षानं. तरी कुणी ना कुणी विचारतंच, तेल उसळताना बघितलंत का? नाही हो. सर्व्हेवाला येऊन गेल्यावर कित्येक महिन्यांनी तिथे विहीर खोदणारी रिग उभी राहते, आणि तोवर त्याचा तंबू तिसऱ्याच गावात असतो.

आमची सिस्मिक पार्टी, म्हणजे सुरुंगाच्या धक्क्यांवरून जमिनीखालचे थर शोधणारी तुकडी. सगळ्यात पुढे मी आणि चार खलाशी (सर्व्हेतल्या मदतनिसांना तेच म्हणत), मागून शॉटहोल म्हणजे सुरुंगाची भोकं पाडणारे, त्यांच्यामागे केबल आणि हादरे टिपणारे जिओफोन अंथरणारे, शेवटी सुरुंगाचा धक्का नोंदवणारी गाडी. थिओडोलाइटनं रेषा धरायची, टेपनं अंतर, लेव्हलनं उंची, आणि ठरल्या जागी खुंटी. दिवाळीनंतर सुरू, पावसाळ्यात बंद. भरूचकडच्या काळ्या मातीत जूननंतर जीपच काय, पायातली चप्पलही निघत नसे. उन्हाळ्यात दहा वाजले की स्टाफवरचे, म्हणजे लेव्हलमधून वाचायच्या उभ्या पट्टीवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलू लागत, म्हणून लेव्हलिंग उजाडतानाच. पोलादी टेप ३० मीटरची. २० अंश जास्त तापली तर ७ मिलिमीटर वाढते. सिस्मिकला एवढी बारकाई लागत नाही, पण नवीन होतो, वहीत तापमानसुद्धा लिहायचो!

खुंट्या मात्र टिकत नसत. एका वस्तीवरची बाई रोज उपटून न्यायची. मी तावातावानं निघालो, तर म्हातारा खलाशी म्हणाला, “साहेब, वाळलेलं, मापात तोडलेलं लाकूड दारात आणून ठोकताय, ती दुसरं काय करणार?” दुसऱ्या दिवसापासून तो तिला वाकड्या, फुटलेल्या खुंट्या आधीच देऊन यायचा. रेषा शाबूत राहिली.

एकदा लेव्हल बेंचमार्कला, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेला, मिळेना. कंदिलाखाली तीनदा बेरजा केल्या. फरक बरोब्बर एक मीटर. असा पूर्ण मीटर आला की उलट हायसं वाटतं, कारण मग उपकरण बिघडलेलं नसतं, डोळा चुकलेला असतो. २.८४ च्या जागी मी १.८४ लिहिलं होतं. तसंच पुढे गेलं असतं तर जमिनीखालचा थर कागदावर उगाच वर-खाली झाला असता, आणि अशाच फुगवट्यांवर विहिरी ठरायच्या. ती जागा शोधायला दोन दिवस मागे चाललो. वरून बोलणी बसली ती वेगळीच.

निवृत्तीनंतर बडोद्याला जाताना खिडकीतून तेलाचे पंप माना हलवताना दिसले. हिनं विचारलं, “यातली तुमची खुंटी कुठली?” मी एका बाभळीवरून अंदाज बांधू लागलो, तोवर गाडी नर्मदेच्या पुलावर चढली होती.