ल्यापुनोव्ह, नोंद चौथी: दहाव्या एट्यूडची टिंबं

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहून बसलो होतो की ल्यापुनोव्हच्या जुन्या छापील पानांवरून स्कॅन केलेल्या दहा एट्यूड (पियानोच्या सरावाच्या रचना) पुढच्या वेळेपर्यंत वाटायला तयार असतील. दहा स्कॅन झाल्यात, हे खरं. पण कुणाच्या हातात द्याव्यात अशा सहाच आहेत. उरलेल्या चार मी स्वतःच्याच हातानं बिघडवल्या.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. हंगेरियन संगीतकार लिस्टला सगळ्या चोवीस मेजर-मायनर कीजमध्ये (सूरपट्ट्यांमध्ये) एट्यूड लिहायच्या होत्या, पण तो बारांवर थांबला. सी मेजरपासून निघून फ्लॅट (सूर उतरवणाऱ्या खुणा) वाढवत वाढवत बी-फ्लॅट मायनरला संपला. शार्पची (सूर चढवणाऱ्या खुणांची) सगळी बाजू मोकळीच राहिली. रशियन संगीतकार सेर्गेई ल्यापुनोव्हनं (१८५९–१९२४) १८९७ ते १९०५ या काळात नेमक्या त्या उरलेल्या बारा पूर्ण केल्या, ओपस (रचनाक्रमांक) ११. पहिली एफ-शार्प मेजरमधली अंगाई, शेवटची ई मायनरमधली, लिस्टच्या स्मरणार्थ लिहिलेली एलेजी, म्हणजे शोकगीत. लाइपझिगच्या त्सिमरमाननं त्या छापल्या. वाजवणारे आजही मोजकेच. अवघड आहेत म्हणून, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, लिस्टच्या काय सोप्या आहेत?

माझ्याकडची सुटी पानं एका निवृत्त शिक्षिकेच्या कपाटातून आली. कागद चहाच्या रंगाचा झालाय आणि कोपरा दुमडला की हातात येतो. त्या काळातला लाकडाच्या लगद्याचा कागद आतल्या आम्लानं आपणच कुजत जातो, त्यामुळे प्रत्येक पान काचेवर एकदाच ठेवायचं असं ठरवलं होतं. पहिली अडचण लगेच आली. जुनी पियानोची पानं साधारण ३३-३४ सेंटिमीटर उंच, ए-फोर काच २९.७ची. वरचं शीर्षक घ्यावं तर खालचा प्लेट नंबर जातो. बऱ्याच जणांना वाटतं, गेला तर गेला, संगीत तर आलं ना! पण जुन्या छपाईवर बहुतेक वेळा साल नसतं. पानाच्या तळाशी मधोमध असलेल्या त्या बारक्या आकड्यावरूनच छपाई कधीची याचा माग लागतो. शेवटी ए-थ्री स्कॅनर मागून आणला.

आता मुख्य गोष्ट.

मी ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांसह, स्कॅन करतो. ए-फोरएवढ्या भागाचेच सुमारे साडेतीन कोटी बिंदू होतात, फाइल अवजड. म्हणून स्कॅनटेलर या स्कॅन साफ करायच्या प्रोग्राममध्ये पान सरळ करायचं, कडा कापायच्या, डाग काढायचे आणि निव्वळ काळं-पांढरं करून जपायचं. मग तेच पान शे-दोनशे केबीत मावतं. डाग काढायच्या पायरीवर तीन पर्याय असतात: सौम्य, मध्यम, कडक. कागद इतका ठिपकेदार होता की मी कडक निवडला. पानं अशी स्वच्छ निघाली की चार एट्यूड एका बैठकीत उरकल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

दहावी, 'लेझगिन्का', पियानोवर ठेवून हळूहळू वाजवायला घेतली तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटलं. ल्यापुनोव्हनं शीर्षकातच ही बालाकिरेव्ह या रशियन संगीतकाराच्या शैलीतली म्हटलंय, कॉकेशसचा नाच आहे, आणि माझ्या पानावरचा डावा हात मात्र नुसता चालत होता, पाय उचलतच नव्हता. पुढे तसाच आकार परत आला, तिथे दोन नोटांच्या डोक्यावर स्टकॅटोची टिंबं (नोट तुटक वाजवायची खूण) दिसली. दोनच, पुढच्या सहांवर काही नाही. मूळ कागद काढून भिंगाखाली धरला. सगळ्यांवर टिंबं होती! फिकट शाईची, वाळूच्या कणाएवढी. स्कॅनटेलरनं ती डाग समजून पुसली होती. त्याचा तरी काय दोष, टिंब आणि डाग यांत आकारानं फरक तो काय?

गंमत अशी की नोटेच्या बाजूचं टिंब गेलं असतं तर ते लपलं नसतं. मी तेच पान पुढे म्युझस्कोर या संगीतलेखनाच्या प्रोग्राममध्ये टाईप करतो. बाजूचं टिंब गळलं की दीडपट लांबीची नोट एकपट होते, मात्रा भरत नाहीत आणि बारच्या (ठरावीक मात्रांच्या खणाच्या) शेवटी एक उपरा रेस्ट (विरामाची खूण) दात विचकून उभा राहतो. डोक्यावरचं टिंब गळलं तर मात्रा चोख, बार चोख, प्रोग्राम खूश. फक्त नाच मेलेला. अशी चूक एकदा वाटली गेली की प्रतींच्या प्रती तिच्यासकट फिरतात.

मूळ ग्रेस्केल फाइली मी जागा वाचवायला पुसून टाकल्या होत्या. हो, पुसल्या. त्यामुळे चारही परत काचेवर, आणि नवव्या एट्यूडच्या एका पानाचा कोपरा त्यात गेलाच. आता ग्रेस्केल ठेवूनच देतो आणि डाग काढायचा पर्याय बंद ठेवतो. ठिपके राहिले तर राहू देत, डोळा ते वगळतो.

पानांवर आधीच्या कुणी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा ठेवाव्यात की पुसाव्यात यावर मागे वाद झाला होता. स्कॅनमध्ये त्या तशाच ठेवतोय. एके ठिकाणी कुणीतरी शार्पभोवती तीनदा गोल केलाय, एवढा की कागद फाटायला आलाय. ते का पुसायचं? टाईप केलेल्या प्रतीत मात्र फक्त छापलेलं.

कॉपीराइट हक्कांचा प्रश्न ल्यापुनोव्हच्या बाबतीत येत नाही, त्याला जाऊन शंभर वर्षं झाली. पण एकानं अलीकडच्या आवृत्तीचे फोटो पाठवले, संपादकाच्या फिंगरिंगसकट (कोणती नोट कोणत्या बोटानं वाजवायची त्या आकड्यांसकट). ते घेतले नाहीत. रचना मोकळी असली तरी संपादकाचं काम मोकळं असतंच असं नाही. आयएमएसएलपी (छापील संगीताचं मोफत संकेतस्थळ, तेव्हा कॅनडातलं) २००६मध्ये सुरू झालं आणि २००७च्या ऑक्टोबरात एका प्रकाशकाच्या नोटिशीनं बंद पडलं ते हक्क किती वर्षं टिकतात या मुद्द्यावर: कॅनडात तेव्हा मृत्यूनंतर ५० वर्षं, युरोपात ७०. जून २००८मध्ये ते परत उघडलं. भारतात ६० आहेत, म्हणून पाठवताना समोरचा कुठे आहे हेही बघा.

बारा संपल्या की बोर्टकिएविच हा संगीतकार (१८७७–१९५२) घ्यावा असं मनात आहे. ७० वर्षांच्या नियमानंही तो २०२३पासून मोकळा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत त्याच्या जर्मन प्रकाशकांकडचे साठे जळाले. जे वाचलं त्यातलं काही ह्यूगो फान डालेन या डच पियानिस्ट मित्राजवळ असल्यामुळे वाचलं. एका मित्राच्या घरात, बस्स.

सध्याची स्थिती: एक ते सहा तयार. सात ते दहा परत स्कॅन झाल्या, टिंबं मोजणं चालू आहे, सातवी अर्धी. अकरा आणि बारा अजून हात न लावलेल्या. नवव्याचं तिसरं पान, खालचा उजवा कोपरा, शेवटचे दोन बार कुणाच्या जुन्या प्रतीत शाबूत असतील तर तेवढाच भाग पाठवा. ग्रेस्केलमध्ये, आणि डाग न काढता.