फाटलेल्या फोटोतले दुसरे धुराडे

आमच्या दारव्हा तालुक्यात जुने फोटो दुरुस्तीला येतात ते बहुतेक तेरवीच्या तोंडावर, आणि नेहमीच घाईत. कुणाचा कान उदईने खाल्लेला असतो, कुणाच्या लुगड्याचा काठ पाण्याने पुसला गेलेला असतो, आणि तो भाग शेजारच्या भागावरून अंदाजाने भरून दिला तरी सहसा कुणाची तक्रार नसते. मात्र गेल्या दिवाळीनंतर, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, जवळच्या खेड्यातून एक शेतकरी आपल्या आईला घेऊन स्टुडिओत आला आणि त्याने काउंटरवर ठेवलेल्या फोटोत अंदाज चालण्यासारखा नव्हता.

पोस्टकार्ड आकाराचा कृष्णधवल फोटो होता. पांढऱ्या गणवेशातला एक तरुण नौसैनिक धक्क्यावर ताठ उभा होता आणि त्याच्यामागे आडवी लागलेली युद्धनौका होती. नौकेचे नाळेकडचे टोक आणि पुढच्या तोफा शाबूत होत्या, पण नियंत्रणकक्षाच्या मागचा सगळा मधला भाग उदईने फस्त केला होता, आणि पलीकडे फक्त शेवटचा तोफमनोरा (तोफा बसवलेला फिरता बुरूज) व झेंड्याची काठी उरली होती. टोपीच्या पट्टीवर जहाजाचे नाव असते, परंतु नेमक्या तिथेच बुरशीचा पांढरा डाग होता. कागदपत्रे घर पडले त्या पावसाळ्यात गेल्याचे त्यांनी सांगितले.

“भाऊ, परवा तेरवी हाय. बाबाचं जहाज पुरं करून द्या,” मुलगा म्हणाला.

युद्धनौकांची चित्रे जमवण्याचा नाद मला शाळेपासूनचा आहे (समुद्र प्रत्यक्ष पाहिला तो फार उशिरा), त्यामुळे नौकेचा बांधा पाहताच ही क्रूझर आहे एवढे ध्यानात आले. भारतीय नौदलाकडे क्रूझर दोनच होत्या. पहिली ‘दिल्ली’, म्हणजे ब्रिटिशांनी बांधलेली आणि न्यूझीलंडच्या खलाशांनी चालवलेली ‘अकिलिस’, जिने 13 डिसेंबर 1939 रोजी प्लेट नदीच्या मुखाजवळ ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झिटर’ यांच्या जोडीने जर्मनीच्या ‘ग्राफ श्पे’ या युद्धनौकेला जेरीस आणले होते, ती 1948 मध्ये आपल्याकडे आली. दुसरी ‘मैसूर’, पूर्वीची ‘नायजेरिया’, जी 1957 मध्ये आपल्या नौदलात दाखल झाली. ‘दिल्ली’ला एकच रुंद धुराडे होते, तर ‘मैसूर’ला सरळ उभी दोन. म्हणजे उदईने खाल्लेल्या जागेत एक धुराडे काढायचे की दोन, हे आधी ठरवणे भाग होते, कारण चुकीचे जहाज काढले असते तर त्या घरात पुढच्या पिढ्यांनी तेच खरे मानले असते.

फोटो 2400 डीपीआयला स्कॅन करायला लावला आणि तेवढ्या वेळात मुलाने विचारले, “क्रूझर म्हंजे काय?” मी सांगितले की बॅटलशिपइतके जाड चिलखत आणि तितक्या मोठ्या तोफा नसलेली, पण डिस्ट्रॉयरपेक्षा मोठी, वेगवान आणि एकटीने हजारो मैल फिरू शकणारी नौका म्हणजे क्रूझर, शत्रूची व्यापारी जहाजे गाठणे, आपली राखणे आणि ताफ्यापुढे टेहळणी करणे ही तिची कामे. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवणारी जर्मन ‘एम्डेन’ ही अशीच एकटी फिरणारी क्रूझर होती. त्या काळी क्रूझरचे प्रकार चिलखतावरून पडत: केवळ आतल्या डेकला पोलादी कवच असलेल्या एका वर्गात, आणि कुशीलाही जाड पट्टा असलेल्या दुसऱ्या वर्गात. पुढे 1922 च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला 10,000 टन आणि 8 इंची तोफांची मर्यादा घातली, आणि 1930 च्या लंडन कराराने तोफेच्या व्यासावरूनच जड आणि हलकी अशी विभागणी केली. 8 इंची तोफांची ती जड, सुमारे 6 इंचांपर्यंतची ती हलकी. टनांचा या नावाशी संबंध नव्हता, म्हणून आठ हजार टनांच्या वरची, पण 6 इंची तोफांची ‘मैसूर’ही हलकीच ठरली. मला ही वर्गवारी नेहमीच वकिली थाटाची वाटत आली आहे.

स्कॅन पडद्यावर आल्यावर पुढचा तोफमनोरा मोठा करून पाहिला. “दोनच तं हायेत,” मुलगा म्हणाला, आणि पहिल्या नजरेला तसेच दिसत होते. ‘दिल्ली’च्या एकेका मनोऱ्यात दोन तोफा होत्या, ‘मैसूर’च्या तीन, म्हणजे दोन नळ्या असतील तर ती ‘दिल्ली’. परंतु कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर त्या दोघींच्या मध्ये, किंचित मागे, तिसऱ्या नळीचे काळे तोंड उमटले. ब्रिटिशांच्या तीन तोफांच्या मनोऱ्यात मधली तोफ मुद्दाम अडीच फूट मागे बसवलेली असे, कारण तिन्ही गोळे एका रेषेत एकदम सुटले तर हवेत एकमेकांची दिशा बिघडवतात. वरच्या मनोऱ्यातही तेच दिसले. जहाज ‘मैसूर’ होते, धुराडी दोन होती.

इतका वेळ गप्प बसलेल्या आईने तेव्हा विचारले, “त्याच्यावर दोन तोंडाचं पाखरू होतं का? ते सांगत होते का आमच्या जहाजावर दोन तोंडाचं पाखरू हाय.” मैसूरच्या राजघराण्याचा गंडभेरुंड या नौकेच्या बोधचिन्हावर होता, हे मला ठाऊक होते. मावशींना मोबाइलवर त्याचे चित्र दाखवले, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि गोव्याच्या वेळी नवऱ्याची चिठ्ठी किती दिवस आली नव्हती, ते सांगू लागल्या. डिसेंबर 1961 मध्ये, गोवा मुक्त करताना, ‘मैसूर’ आणि ‘त्रिशूल’ यांनी अंजदीव बेटावर नौसैनिक उतरवले होते. त्या कारवाईत आपले सात जण कामी आले.

रात्री भरणीला बसलो. इथे एक अडचण होती: मिळतात ती स्पष्ट चित्रे बहुधा युद्धकाळातल्या ‘नायजेरिया’ची, आणि तिला चार तोफमनोरे होते. विमानवेधी तोफांना वजनाची जागा करून देण्यासाठी ब्रिटिशांनी अशा बऱ्याच क्रूझरचा मागून दुसरा मनोरा काढून टाकला. ‘मैसूर’ आपल्याकडे आली ती तीन मनोरे आणि नऊ तोफा घेऊनच. म्हणून धुराड्यांचे प्रमाण जुन्या चित्रावरून घेतले, पण मागचा तो मनोरा वगळला. जोडलेला भाग मूळ भागापेक्षा जरासा फिका ठेवला.

दुसऱ्या दिवशी फ्रेमखाली काय छापायचे, यावर मुलगा अडला. ते जहाज मुंबईला अजून असेल, तर पोरांना नेऊन दाखवावे असे त्याच्या मनात होते. ते 1985 मध्येच सेवेतून गेले आणि 1999 पासूनची ‘मैसूर’ ही वेगळी नौका, डिस्ट्रॉयर आहे, असे मी सांगितले.

“मंग सालं टाका भाऊ, नाही तं लोकं नव्यालेच बाबाचं समजतीन.”

वडिलांच्या नावाखाली ‘क्रूझर आय.एन.एस. मैसूर (1957–1985)’ असे छापले. प्रिंटच्या मागे, नौकेचा कोणता भाग मूळ आणि कोणता मी भरलेला, हे पेन्सिलने लिहून दिले. मूळ फोटो वेगळ्या पाकिटात घालून परत केला आणि तो पुन्हा मातीच्या भिंतीला लागून असलेल्या पेटीत ठेवू नका, असे दोघांनाही बजावले.