आमची वाटचाल : आधी प्लग बघू

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं हीटरच्या कॉइली भरत होतो. नायक्रोमची तार स्टीलच्या नळीत मधोमध धरायची आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून बसवायची. त्या पुडीतून उष्णता बाहेर येते, वीज येत नाही. कारखाना बंद पडला तेव्हा हातात एवढीच विद्या होती. 2003 साली नौपाड्यात पिठाच्या गिरणीशेजारी छोटा गाळा भाड्याने घेतला. इस्त्री, गिझर, मिक्सर, येईल ते उघडायचं. ओव्हन महिन्याला एखादा, कारण नानकटाईचे डबे लोक अजून बेकरीत नेऊन भाजून आणत.

26 जुलै 2005 च्या पुरानंतर गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती म्हणजे कॉइलमधली ती पांढरी पूड हवेतली ओल पिते. पूरच यायला हवा असं नाही, ठाण्याचा साधा पावसाळा पुरतो. चार महिने न वापरलेला ओव्हन गणपतीत लावला की घरातली ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडते आणि लोक घाबरतात. कॉइल गेलेली नसते, ओलावलेली असते. ती काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये मंद आचेवर काही तास सुकवली की मेगरचं (वीज गळते का ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग अनेकदा जागेवर येतं. सुकवायचे पैसे नव्या कॉइलपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे सुरुवातीला धंदा बसला. पण तीच गिऱ्हाइकं पुढे शेजाऱ्यांना घेऊन आली.

मला खरा शहाणपणा शिकवला तो कळव्याच्या एका शिक्षिकाबाईंच्या ओटीजीने, म्हणजे कॉइलवर चालणाऱ्या घरगुती ओव्हनने. केक वरून काळपट, आत कच्चा. मी थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या उष्णतेला कॉइल बंद-चालू करणारा भाग, बदलला. आठवड्याने ओव्हन परत. दुसरा थर्मोस्टॅट टाकला, 180 वर लावून तासभर थर्मामीटर बघत बसलो. काटा थोडा वरखाली होत होता, तो सगळ्याच ओव्हनमध्ये होतो. तिसऱ्यांदा बाई ओव्हन न आणता डब्यात केकचा तुकडाच घेऊन आल्या. काउंटरवर ठेवला, बोलल्या काहीच नाहीत.

त्या संध्याकाळी मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. पंधराशे वॉटचा ओव्हन, म्हणजे साडेसहा अँपिअरचा भार, आणि तो टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर! इमारतीत संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं, त्यात बोर्डची वायर बारीक. ओव्हन चालू असताना प्लगपाशी 195 व्होल्ट. कॉइलचा रोध तोच राहतो, म्हणून वॉट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. 230 चे 195 झाले की पंधराशेचे जेमतेम अकराशे उरतात. बाई मात्र रेसिपीत लिहिलंय म्हणून दहा मिनिटांनी केक आत सरकवत होत्या. ओव्हन तोवर तापलेलाच नसे, म्हणून वरची कॉइल न थांबता लाल राही आणि तिची सगळी धग केकच्या माथ्यावर.

स्वयंपाकघरात सोळा अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला आणि सांगितलं, घड्याळ बघू नका, कॉइलची लाली उतरली की केक ठेवा. दोन्ही थर्मोस्टॅटचे पैसे परत केले. आमच्या सौ. म्हणाल्या, मजुरी तरी ठेवायची होती.

तेव्हापासून आमच्याकडे ओव्हन आला की स्क्रू-ड्रायव्हर नंतर, प्रश्न आधी. कुठल्या सॉकेटला लावता? पिन काळी पडलीय का? एकच बाजू भाजते की काहीच तापत नाही? काहीच तापत नसेल तर आम्ही टायमर आधी फिरवून बघतो. तो शून्यावर असला की कॉइलला लाइनच जात नाही, आणि हसू नका, असे ओव्हन रिक्षा करून घोडबंदरहून येतात. एकच कॉइल थंड असेल तर सिलेक्टर (वरची-खालची कॉइल निवडायचं बटण) गेलेला, नाहीतर मागचा लग (वायर जोडायचं टोक) सैल होऊन जळालेला. थर्मोस्टॅटची बारीक नळी क्लिपमधून सुटून कॉइलजवळ गेली तर ओव्हन पुरता तापायच्या आधीच तो कॉइल बंद करतो. क्लिप दाबली की काम संपलं. याचे आम्ही फक्त तपासणीचे पैसे घेतो. हे सगळं वाचून घरी झाकण मात्र उघडू नका, प्लग काढा आणि आमच्याकडे आणा.

2020 च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत केक सुरू झाले आणि आमचं काम ओव्हनचंच झालं. आता कॉलेज सांभाळून मुलगी फोन घेते. अर्ध्या तक्रारी ती फोनवरच मिटवते, त्यावरून आमचा अधूनमधून वाद होतो.

नाताळची गर्दी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होते. ओव्हन नोव्हेंबरमध्ये दाखवून घ्या. पंधरा डिसेंबरनंतर "दोन दिवसांत देतो" असं आम्ही कुणालाच सांगत नाही.